किरण तुटतो, तरी चौकट रिकामी का?

प्रश्न : आमच्या कळंब्याच्या घराच्या गच्चीवर कृष्णकमळाचा वेल आहे आणि सकाळी त्याच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. उडत्या भुंग्याचे छायाचित्र मिळावे म्हणून मी इन्फ्रारेड बीम सेन्सर (डोळ्यांना न दिसणारा किरण तुटला की कॅमेऱ्याला निरोप देणारे उपकरण) आणून फुलासमोर बसवला. भुंगा किरणातून गेला की कॅमेरा लगेच वाजतो, परंतु छायाचित्रात फूल तेवढे दिसते. क्वचित भुंगा आलाच, तर पंखांच्या जागी नुसता धुरकट पट्टा असतो. सेन्सर सदोष आहे का? आणि हेच उपकरण घराजवळच्या शिंजिराच्या घरट्यासमोर लावता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून सेन्सर सदोष वाटत नाही. किरण तुटताच त्याने कॅमेऱ्याला निरोप दिला. उशीर झाला तो कॅमेऱ्याकडून. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात निरोप मिळाल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत साधारण ५० ते १०० मिलिसेकंद जातात आणि ऑटोफोकस चालू असेल तर त्याहूनही अधिक. भुंगा सेकंदाला ३ मीटर वेगाने येतो असे धरले, तरी ६० मिलिसेकंदांत तो १८ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे आपली चौकट तळहाताएवढी असेल, तर शटर उघडते तेव्हा तो तिच्याबाहेर गेलेला असतो.

तेव्हा दुसरा सेन्सर घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा उशीर मोजा. किरणामागे एक मोजपट्टी उभी बांधा, किरणाच्या बरोबर १० सेंटिमीटर वरून काचेची गोटी सोडा आणि छायाचित्रात ती कोठे दिसते ते पाहा. गोटी किरणाखाली १० सेंटिमीटरवर दिसली, तर उशीर सुमारे ६० मिलिसेकंदांचा आहे. पाच-सहा वेळा सोडून पाहा. आकडा दरवेळी तोच आला तर पुढचे काम सोपे होते. फोकस हाताने ठरवून आणि रिलीज केबलचा (सेन्सरचा निरोप कॅमेऱ्यापर्यंत नेणाऱ्या तारेचा) फोकसचा संपर्क सतत जोडलेला ठेवून हीच चाचणी पुन्हा केल्यास उशीर कमी झालेला दिसेल.

उरलेला उशीर चुकवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे शटरला या साखळीतून बाहेर काढणे. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी १९७०च्या दशकात उडत्या कीटकांसाठी झटपट उघडणारे खास शटर करवून घेतले आणि सेकंदाच्या २५ हजाराव्या भागाएवढाच चमकणारा फ्लॅश वापरला. त्यांचे उडत्या कीटकाचे एक छायाचित्र १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीवरही आहे. आपल्याला तसे शटर करवून घेण्याची गरज नाही. रात्री रातराणीवर येणाऱ्या पतंगांपासून सुरुवात करा: अंधारात शटर दहा-दहा सेकंद उघडे ठेवा आणि सेन्सरची तार कॅमेऱ्याऐवजी थेट फ्लॅशला जोडा. मग उशीर फार तर अर्ध्या मिलिसेकंदाचा राहतो आणि तेवढ्या वेळात कीटक एक-दीड मिलिमीटरच सरकतो. पहिले स्पष्ट छायाचित्र असेच मिळावे, असे मला मनापासून वाटते, कारण त्यानंतर दिवसाच्या कामातील अपयश खचवत नाही.

दिवसा भुंग्यासाठी मात्र किरण फुलाजवळ न लावता, मोजलेल्या उशिराएवढा अलीकडे, त्याच्या येण्याच्या वाटेवर लावावा लागेल. यासाठी दोन-तीन सकाळी कॅमेरा न घेता नुसते बसून भुंगे कोणत्या बाजूने वळून येतात आणि फुलापाशी कोठे वेग कमी करतात ते पाहा. या निरीक्षणाला पर्याय नाही. वाट निश्चित झाली की एकाऐवजी एकमेकांना छेदणारे दोन किरण लावा आणि दोन्ही एकाच वेळी तुटले तरच निरोप जाईल अशी जोडणी करा, म्हणजे वाऱ्याने हललेल्या पानामुळे निघणारी बरीचशी रिकामी छायाचित्रे टळतील. किरण कीटकापेक्षा रुंद असेल तर तो पुरता झाकलाच जात नाही. त्यासाठी सेन्सरच्या तोंडावर दोन-तीन मिलिमीटर भोकाची काळी नळी बसवा. सेन्सर आणि नळी धरून ठेवणारा कंस उद्यमनगरातील कोणत्याही लेथवाल्याकडून करून घेता येईल; त्याला नुसते चित्र न दाखवता सेन्सरच हातात द्या.

आता धुरकट पंखांविषयी. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा चमकतो आणि तेवढ्यात तिच्या पंखाचे टोक सहा-सात मिलिमीटर सरकते. तोच फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून ताकद एक-चौसष्टांश केली, तर चमक बहुधा सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास येते आणि पंखावरील शिरा उमटतात. प्रकाश अपुरा पडला तर ताकद वाढवू नका. दुसरा फ्लॅश लावा आणि दोन्ही फुलापासून वीतभर अंतरावर आणा. फ्लॅशची हाय स्पीड सिंक ही सोय बंद ठेवा, कारण त्यात फ्लॅश एकदा न चमकता सलग लुकलुकत राहतो. शटर १/२००, छिद्र एफ १६, आयएसओ १०० ठेवा आणि फूल सावलीत असेल अशी वेळ निवडा. ऊन लागले तर फ्लॅशच्या स्पष्ट आकृतीमागे उन्हाची पुसट सावली उमटते.

शिंजिराच्या घरट्याबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पिल्ले असताना नर-मादी वारंवार खाऊ घेऊन येतात, म्हणून छायाचित्रकाराला ती जागा सोयीची वाटते; परंतु समोर उभे केलेले दांडे आणि चमकणारे फ्लॅश पाहून पक्षी येणे थांबवू शकतात आणि मग पिल्ले उपाशी राहतात. त्याऐवजी ते ज्या जास्वंदीवर रस प्यायला येतात तिच्यासमोर किरण लावा. दांडे दोन दिवस आधी रिकामेच उभे करा, पक्षी त्यांना सरावला की सेन्सर बसवा, आणि तो परत फिरताना दिसला तर त्याच दिवशी सगळे काढून घ्या. राधानगरीच्या अभयारण्यात असे काही उभारण्याचा विचार असेल, तर आधी वन विभागाची परवानगी घ्या.