मुखत्यारपत्र नेमके हवे तेव्हाच संपते

प्रश्न : माझे पती ६८ वर्षांचे असून त्यांना विस्मरणाचा आजार सुरू झाल्याचे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले. अजून त्यांना सर्व व्यवहार समजतात. बचत खाते, मुदत ठेवी आणि घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. बँकेत वारस म्हणून माझी नोंद आहे. मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले, तर पुढची काळजी मिटेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मिटणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्या व्यक्तीची समज हरपली की तिने दिलेले मुखत्यारपत्रही संपुष्टात येते; म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवणार, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. इंग्लंडमध्ये त्यानंतरही चालणारे मुखत्यारपत्र करता येते, त्यामुळे परदेशी राहणारे नातेवाईक पुष्कळदा तोच सल्ला देतात. वारसनोंद तर मृत्यूनंतरच कामी येते.

म्हणून पती समजून-उमजून सही करू शकतात तोवर दोघांनी बँकेत जाऊन खाते व ठेवी संयुक्त करून घ्याव्यात आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याने खाते चालवणे) हा पर्याय निवडावा. यातही एक मेख आहे. मुदत पूर्ण झालेली ठेव एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीआधी मोडायची झाल्यास बँक सहसा दोघांच्याही सह्या मागते. तेव्हा सगळी रक्कम एकाच मोठ्या ठेवीत न अडकवता वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपणाऱ्या लहान ठेवी कराव्यात, आपोआप नूतनीकरणाची सूचना काढून टाकावी आणि सहा-आठ महिन्यांच्या औषधपाण्याचा व घरखर्चाचा पैसा, व्याज कमी मिळाले तरी, बचत खात्यातच असू द्यावा.

आजारी खातेदाराचा अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असल्यास, पैसे काढता येतात. मात्र ही सोय हात थकलेल्यांसाठी आहे, समज हरपलेल्यांसाठी नाही.

घराचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच असतो, मालमत्तेचा कारभार त्याच्याकडे येत नाही. पुढे घर विकण्याची वेळ आली, तर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये बेशुद्धावस्थेतील पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले होते, पण त्या वाटेला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे घराचे बक्षीसपत्र किंवा विश्वस्त निधी करायचा की नाही, हे वकिलांच्या सल्ल्याने याच महिन्यात ठरवावे, आणि पतींना व्यवहार समजतो असे डॉक्टरांचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र दस्ताबरोबर जपून ठेवावे.