आई पुढची केमो नको म्हणते, जबरदस्ती करावी का?

ब्रेस्ट कॅन्सरच्या तीन केमो झाल्या आणि चौथीला आई ‘आता नको’ म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. जबरदस्ती नको. पण तो नकार लगेच खराही धरू नका.

आम्ही तासगावकडचे, द्राक्षवाले. आबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर दर तीन आठवड्यांनी मिरजेला एक सलाईन, आणि घरी कॅपसायटाबिनच्या गोळ्या: 14 दिवस दोन्ही वेळा जेवणावर, मग 7 दिवस सुट्टी. आबांची कधी कुरकुर नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांचे तळहात बघितले. या गोळ्यांनी कातडं लाल होतं, सोलतं. आबांचे हात जसेच्या तसे. औषध छान सोसतंय म्हणून सगळेच खूश. पुढे दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या आईनं खुंटीवरची त्यांची जुनी पानाची चंची झटकली, तर आतून गोळ्या सांडल्या. मोजल्या, 31.

“कशाला पैसा घालवताय माझ्यावर,” भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाले.

खरं तर आधीच कळायला हवं होतं. ऑक्टोबर छाटणी झालेली, वरून पाऊस, गावभर द्राक्षावरच्या डावणी रोगाची ओरड, आणि हा माणूस बागेचं नावसुद्धा काढत नव्हता. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल.

इथंच सगळे फसतात. थकवा, भूक मरणं, झोप उडणं हे केमोनंही होतं आणि डिप्रेशननंही. म्हणून त्यावर जाऊ नका. जिवापाड आवडीची गोष्ट नकोशी झालीय का, ‘माझं ओझं झालंय’ असं बोलणं येतंय का, ते बघा. दोन आठवडे असंच चाललं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ओपीडीच्या गर्दीत त्यांना ते दिसेलच असं नाही. 2000 साली अमेरिकेत निरनिराळ्या आजारांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा डिप्रेशन असलेल्यांत उपचार नीट न पाळण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली.

आबांना मानसोपचारतज्ज्ञांनी रात्रीची एक गोळी दिली. ‘मला काय येड लागलंय व्हय’ हे झालंच. झोप आठवड्यात सुधारली, मन उघडायला महिना गेला. चुकलेल्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना खरं सांगितलं. डबल डोस देऊन भरपाई करायची नसते.

तुमच्या आईला पुढं टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) लागणार असेल तर मानसोपचारवाल्यांना ते आधीच सांगा. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात. मरणाची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी हला. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही.

उपचारानं मन ताळ्यावर आल्यावरही ती नकोच म्हणाली, तर तो तिचा निर्णय. तोवर ‘नको’च्या पुढं ती आणखी काय म्हणते, ते नीट ऐका. उलट्यांची भीती असेल तर त्यावर वेगळं औषध बदलून मिळतं.