जैवइंधन आणि रिसायकलिंगने पर्यावरणाचा खरंच फायदा होतो का?

जैवइंधनाचं मी सांगू शकते, कारण आमचं साडेतीन एकराचं बरड त्यातच गेलं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे आमचं.

2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर चंद्रज्योत (मोगली एरंड) लावून बायोडिझेल काढायची शिफारस केली. 2006 पासून तेल कंपन्यांनी ते लिटरला 25 रुपयांनी घ्यायचं, असं धोरणही आलं. माझे धाकटे दीर एका बैठकीला जाऊन आले आणि मग घरात दुसरा विषयच नाही. पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, तीस वर्षं उत्पन्न! मी म्हटलं, भाऊजी, जनावर तोंड लावत नाही हाच तर दोष आहे, माझ्या अकरा बकऱ्या त्याच टेकाडावर चरतात. ते म्हणाले, "सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला अयोग्य) लिहिलंय वहिनी, तिथं आहेच काय?"

हिवर होता तिथं. त्याच्या शेंगा बकऱ्या आवडीने खायच्या. बोरी होत्या, पळस होता, कुसळी गवत होतं, पहिल्या पावसात आम्ही तरोट्याची भाजी तिथूनच खुडायचो. घरचं निम्मं सरपण तिथलंच.

2007 च्या उन्हाळ्यात जेसीबीने सगळं साफ केलं. पुढचा उन्हाळा रोपांना टँकरने पाणी घातलं, कारण पाणी लागत नाही म्हणजे झाड मरत नाही एवढंच, फळ धरायला पाणी लागतंच. बकऱ्या एकेक करून बाजारात गेल्या. तिसऱ्या वर्षी फळं आली, पण एकदम पिकत नाहीत ती, एकाच झाडावर हिरवी, पिवळी, काळी. मी आणि सासूबाईंनी दिवसभर वेचून, सोलून नऊ किलो बिया काढल्या. लिटरभर तेलाला चारेक किलो बिया लागतात, म्हणजे दोघींची दिवसाची मेहनत दोन लिटर. घ्यायला कुणी आलंच नाही. त्याच सुमारास शेजारच्या पोराने शेंगदाणे समजून बिया खाल्ल्या आणि रात्रभर उलट्या केल्या. जेसीबी, ट्रॅक्टर आणि टँकरला जेवढं डिझेल लागलं, तेवढं तेल त्या टेकाडाने आजवर दिलेलं नाही.

म्हणून मला कुणी नुसतं "झाडापासूनचं इंधन" म्हणून सांगितलं की राग येतो. आधी त्या जमिनीवर काय होतं ते सांगा. इथेनॉलचंही तेच. मळीपासून केलं तर ठीक, ती साखरेतून उरलेलीच असते. मका आणि तांदूळ त्यात घालणं म्हणजे वावर गाडीच्या टाकीसाठी पेरणं.

रिसायकलिंगचं थोडक्यात: भंगारवाला जे पैसे देऊन नेतो त्याचा फायदा खरा आहे. ॲल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर नवीन काढण्यापेक्षा साधारण 95 टक्के ऊर्जा वाचते. गुटख्याच्या आणि शांपूच्या पुड्या कोणताच भंगारवाला घेत नाही, त्या आमच्याकडे धुऱ्यावर (बांधावर) जळतात.

सगळंच जैवइंधन वाईट असं मात्र नाही. गोबरगॅस मला मान्य आहे, शेण घरचं, गॅस चुलीला, उरलेलं पातळ शेणखत पुन्हा वावरात. पराटीचा (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांचा) पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, त्याही चांगल्या, शिवाय पराटी वेळेत निघाली की कापसावरच्या गुलाबी बोंडअळीला थारा कमी मिळतो. सगळीच पराटी दरवर्षी विकली तर जमिनीला काय उरतं, तेही बघावं लागेल.

भाऊजी अजून म्हणतात, योजना चांगली होती, बाजारपेठ नव्हती. बाजारपेठ असती तरी हिवर तुटलाच असता ना? तुमच्या गावात पोटखराबावर काही लावायचं कुणी काढलं, तर तिथं बकऱ्या कोण चारतं ते आधी विचारा आणि तिला बैठकीला बोलवा. मला कुणी बोलावलं नव्हतं.