पैसे निघाले, पण पोहोचले नाहीत

प्रश्न : पगाराच्या खात्यातून माझ्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात यूपीआयने ८,००० रुपये टाकले. इकडून वजा झाले, तिकडे जमा नाहीत. पुन्हा पाठवू का?

उत्तर : मुळीच नको, गुंता वाढेल. ॲपमधला तो व्यवहार उघडा, त्यात बारा आकडी संदर्भ क्रमांक दिसेल, तो लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी लागत नाही.

प्रश्न : मुलाला एनईएफटी, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे, करताना खाते क्रमांकातला एक आकडा चुकला. नाव तर बरोबर होतं, मग बँकेनं पाहिलं कसं नाही?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकावर, नावाशी ताडून नाही. त्या क्रमांकाचं खातंच नसेल तर रक्कम आपोआप परत येते. असेल, तर ती कुणा अनोळखी माणसाकडे गेली. आजच तुमच्या शाखेत यूटीआर क्रमांकासह (त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमची बँक त्या बँकेला कळवेल, पण खातेदाराच्या संमतीशिवाय रक्कम परस्पर काढून देता येत नाही. त्यामुळे चिकाटी धरावी लागेल. एप्रिल २०२५ पासून नेट बँकिंगमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय झाली आहे, ती वापरा. मी तरीही आधी एक रुपया पाठवते आणि फोन करून विचारते, ‘आला का?’ घरचे हसतात, हसू देत.

प्रश्न : नवीन खातं जोडलं, साडेतीन लाख पाठवायचेत, पण ॲप पन्नास हजारांवरच अडवतंय.

उत्तर : नव्या खात्यासाठी सुरुवातीचा काही काळ बँका अशी मर्यादा घालतात, फसवणूक टळावी म्हणून. घाई असेल तर चेकबुक घेऊन शाखेत जा आणि आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवण्याचा, फॉर्म भरा. दोन लाखांपासून पुढे ते चालतं.

प्रश्न : आईच्या देना बँकेच्या पासबुकावरचा आयएफएससी (शाखेचा कोड) चालेल का?

उत्तर : नाही. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, जुने कोड २०२१ मध्ये बंद झाले. नवा कोड शाखेतून घ्या. टाइप करताना पाचव्या जागी शून्य टाका, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.