गोव्याच्या सक्सेशन डीडमध्ये आईला ‘मॉयटी होल्डर’ लिहिलंय. म्हणजे ती वारस नाही का?

वडिलांच्या मागे केलेल्या सक्सेशन डीडमध्ये, म्हणजे वारस कोण ते नोंदवणाऱ्या दस्तात, आईच्या नावापुढे ‘विडो अँड मॉयटी होल्डर’ आणि तुम्हा तिघा भावंडांच्या नावांपुढे ‘सोल अँड युनिव्हर्सल एअर्स’, म्हणजे एकमेव वारस, असं आलंय. वारसांत आईचं नाव नाही म्हणून तुम्ही काळजीत पडला आहात. आधी एवढं सांगते: आईचा हक्क कुठेही गेलेला नाही. वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात सगळ्यांत मोठा हिस्सा तिचाच आहे, आणि तो दाखवण्यासाठीच हा शब्द तिथे घालतात.

मी फोंड्याला एका वकिलांच्या ऑफिसात दस्तांचे मसुदे करते, त्यामुळे हा शब्द रोज हाताखालून जातो. उच्चार ‘मॉय-अ-टी’, बोलताना मॉयटी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘अर्धा भाग’ या अर्थाच्या शब्दात आहे. शब्दकोशात ‘अर्धा हिस्सा’ असा अर्थ सापडतो तो बरोबरच आहे. पण ‘हाफ’ कशाचंही असतं, अर्ध्या तासाचं किंवा अर्ध्या पावाचं. कायद्याच्या भाषेत मॉयटी येतं ते बहुतेक वेळा दोघांच्या सामाईक मालमत्तेत एकाच्या मालकीचा जो अर्धा हिस्सा असतो त्याच्यासाठी. रसायनशास्त्रात हाच शब्द रेणूच्या एखाद्या भागाला लावतात आणि तिथे तो भाग अर्धा असायलाच हवा असं नाही. मानववंशशास्त्रात एखादी जमात दोन कुळगटांत विभागलेली असेल तर त्यातल्या प्रत्येक गटाला मॉयटी म्हणतात. ते अर्थ तुमच्या कामाचे नाहीत, फक्त नेटवर शोधताना त्यांच्यात अडकू नका.

तुमच्या डीडमधला अर्थ पोर्तुगीज कायद्यातून आलाय. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेतल्या एकाच्या अर्ध्या वाट्याला त्यात ‘मेआसांव’ म्हणतात, आणि असा वाटा असलेल्या विधवेला जुन्या दस्तांत ‘विऊवा मेएयरा’ लिहीत. 1961 नंतर दस्त इंग्रजीत होऊ लागले तेव्हा त्याच शब्दांचं ‘विडो अँड मॉयटी होल्डर’ झालं. कुठे ‘मॉयटी शेअरर’ किंवा ‘हाफ शेअरर’ असंही दिसेल. अर्थ एकच.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर ‘कम्युनियन ऑफ ॲसेट्स’ लागू होतं. दोघांचं आधीचं आणि नंतरचं, विकत घेतलेलं आणि वारशाने आलेलं, काही अपवाद सोडले तर सगळं सामाईक होतं. त्यात निम्मं नवऱ्याचं, निम्मं बायकोचं. घर कागदावर एकट्या वडिलांच्या नावावर असलं तरी हेच. हा कायदा फक्त ख्रिश्चनांना लागू आहे असा समज पुण्या-मुंबईकडे बराच आहे. तो चुकीचा आहे, गोव्यातल्या हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांनाही तो लागू आहे.

म्हणजे वडील गेले तेव्हा आईला तिचा अर्धा भाग मिळाला असं नाही, तो लग्नापासून तिचाच होता. वारसाहक्काचा प्रश्न आला तो फक्त वडिलांच्या अर्ध्यापुरता. तुम्ही तीन भावंडं आहात, तर त्या अर्ध्याचे तीन भाग होतात. आईकडे घराचा 1/2, तुमच्यातल्या प्रत्येकाकडे 1/6. हेच घर महाराष्ट्रात असतं, वडिलांच्या स्वकमाईचं असतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसतं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई आणि तीन मुलं असे चार सारखे भाग झाले असते आणि आईला 1/4 मिळाला असता. तिथे तिला वारस म्हणून मोजतात, इथे ती मालकीण म्हणून उभी असते. गोव्यात मुलं असताना विधवा वारसांच्या यादीत येत नाही, कारण वारसांच्या क्रमात पहिली मुलं असतात आणि मागे राहिलेला जोडीदार बराच खाली. इथला आत्ताचा कायदा 2012 चा, 2016 पासून लागू झालेला, पण हा क्रम जुन्यासारखाच ठेवलाय.

काउंटरवर डीड वाचून दाखवताना एक वयस्क बाई बोट ‘एअर्स’च्या ओळीवरून वर-खाली फिरवत राहिल्या आणि शेवटी विचारलं, “म्हजें नांव खंय आसा?” त्यांचं नाव दोन ओळी वर होतं, ‘लीव्हिंग बिहाइंड हिज विडो अँड मॉयटी होल्डर’ या शब्दांनंतर. तेव्हापासून मी डीड वाचून दाखवताना ती ओळ आधी वाचते आणि मराठीत ‘घराच्या अर्ध्या हिश्शाची मालकीण’ असं सांगते. काही भाषांतरांत ‘सहवारस’ किंवा नुसतं ‘वाटेकरी’ लिहिलेलं दिसतं. ‘सहवारस’ साफ चुकीचं आहे आणि ‘वाटेकरी’ अपुरं, कारण वाटेकरी म्हटलं की वाटा किती ते कळत नाही. बँकेत किंवा सोसायटीत मराठी प्रत द्यायची असेल तर ही दुरुस्ती जरूर करून घ्या.

या शब्दाचं वजन मृत्युपत्रात कळतं. मुलं असतील तर वडिलांना मृत्युपत्राने आपल्या अर्ध्यातला निम्मा भागच, म्हणजे एकूण मालमत्तेचा 1/4, कुणाला द्यायचा ते ठरवता येतं. उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव असतो. आईच्या मॉयटीला त्यांचं मृत्युपत्र स्पर्शही करू शकत नाही. माझ्या मते बाईला इतकं पक्कं संरक्षण देणारी तरतूद आपल्याकडच्या कौटुंबिक कायद्यांत क्वचितच सापडेल, आणि ज्या बायकांना ती मिळाली आहे त्यांनाच तिचा शब्द कळत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचं किंवा भावंडांचं लग्नही याच पद्धतीखाली झालं असेल, तर तुमच्या 1/6 मध्ये जोडीदाराचा निम्मा, म्हणजे 1/12 येतो. म्हणूनच गोव्यातल्या डीडमध्ये सुना आणि जावई यांचीही नावं असतात आणि घर विकताना त्यांच्याही सह्या लागतात. त्यात कुणाचा डाव वगैरे शोधू नका.

वडील कायमचे गोव्याचेच, म्हणजे गोव्याचे डोमिसाइल असतील आणि पुण्यात त्यांचा फ्लॅट असेल, तर त्यालाही हाच हिशेब लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तसं स्पष्ट केलंय.

आता डीड पुन्हा उघडा आणि सुरुवातीच्या परिच्छेदांत ‘मॅरिड अंडर द रेजीम ऑफ कम्युनियन ऑफ ॲसेट्स’ असं वाक्य आहे का बघा. नसेल तर आई-वडिलांच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा काढा, लग्नाआधी करार झाला होता का ते घरात विचारा, आणि दोन्ही घेऊन ज्या सब-रजिस्ट्रारकडे डीड झालं तिथे जा. करार झालेला असेल तर वर सांगितलेला हिशेब बदलू शकतो, त्यामुळे घर विकायला काढण्याआधी ही खात्री करून घ्या.