सातबारा, आठ-अ, फेरफार : कागद वेगळे आणि त्यातले शब्द चकवणारे

प्रश्न असा आलाय की पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत वडिलांच्या नावावर जमीन आहे, वकिलांनी "सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून आणा" असं सांगितलं, तर ही एकाच कागदाची तीन नावं आहेत का? आणि जाता जाता, 'सातबाऱ्यावर' बरोबर की 'सातबारावर'?

दुसरं आधी उरकतो. सातबाऱ्यावर. वारा-वाऱ्यावर, कचरा-कचऱ्यात, तसंच. नुसता आकडा असेल तर तो बदलत नाही, काटा बारावर येतो, पण सातबारा हे आता आकडे राहिलेच नाहीयेत, चांगलं पुल्लिंगी नाम झालंय, अनेकवचन सातबारे. 'सातबारावर' हे ७/१२ असं लिहिलेलं वाचून बोलणाऱ्यांचं.

आता कागद. तलाठ्याकडे (हुद्दा बदलून ग्राम महसूल अधिकारी केलाय, लोक तलाठी नाहीतर भाऊसाहेबच म्हणतात) गावाच्या हिशोबाचे १ ते २१ असे गाव नमुने असतात. त्यातला नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाकडे आहे ते, आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, हे दोन्ही एका कागदावर देतात म्हणून सातबारा. मूळ नोंदवहीतून उतरवून दिलेली नक्कल म्हणून 'उतारा'. सातबारा जमिनीच्या बाजूने बोलतो, म्हणजे एक गट नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) घ्या आणि त्यात कोण कोण आहे ते बघा. आठ-अ माणसाच्या बाजूने बोलतो, एक खातं घ्या आणि त्या खात्यावर त्या गावात कुठकुठल्या गटात किती क्षेत्र आहे ते बघा. 'त्या गावात' हे महत्त्वाचं, कारण शेजारच्या गावातली जमीन त्यात दिसणारच नाही, आणि आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द ही महसुली हिशोबात दोन वेगळी गावं असतात तेव्हा आठ-अ पण दोन काढावे लागतात.

फेरफार म्हणजे नमुना ६, आणि इथे शब्दाची गंमत आहे. एरवी 'हिशोबात फेरफार केला' म्हटलं की लबाडीचा वास येतो, पण महसुलात फेरफार हा सरळ कायदेशीर बदल, खरेदी झाली, वारस लागले, वाटप झालं, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला की तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर नावाजवळ किंवा 'इतर हक्क' या रकान्यात वर्तुळात जे आकडे दिसतात ते हे फेरफार नंबर. म्हणजे सातबारा आज काय आहे ते सांगतो आणि तो असा का झाला ते फेरफार सांगतो, वकील लोक म्हणून तर जुने फेरफार मागतात, नुसत्या ताज्या सातबाऱ्यावर त्यांचं भागत नाही.

खरी अडचण मात्र आतल्या शब्दांची आहे, कारण ते ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलताच निघतो. 'आकार' घ्या. पुण्यातल्या फ्लॅटमधून पहिल्यांदा सातबारा बघणाऱ्याला वाटतं आकार म्हणजे जमिनीची साइज. नाही हो. आकार म्हणजे शेतसारा, आकार २.७५ म्हणजे दोन रुपये पंच्याहत्तर पैसे. जमीन मोजायची, तिचा कस बघायचा आणि त्यावर सारा 'आकारायचा' ही जी पद्धत ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यात बसवली तिची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमाराला घातली ती आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. हे सगळे कागद मुळात सारा वसुलीसाठी जन्मलेत हे डोक्यात ठेवलं की अर्धा गोंधळ कमी होतो.

म्हणूनच त्या रकान्यावर 'मालक' असं लिहिलेलं नसतं, 'भोगवटादार' असतं, जुन्या उताऱ्यांवर 'कब्जेदार'. जमीन कोणाच्या भोगवट्यात आहे आणि सारा कोणाकडून घ्यायचा एवढंच सरकारला हवं होतं. आपण बोलताना "सातबारा कोणाच्या नावावर आहे" म्हणजेच "मालक कोण" असं धरून चालतो, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५७ म्हणतं की या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या, याचाच अर्थ उलट सिद्ध होऊ शकतं. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा, कोर्टाचा हुकूम यावर. माझ्या मते हा एकच शब्द, भोगवटादार, नीट वाचला असता तर गुंठ्यांवर तुकडे विकत घेणाऱ्या कितीतरी जणांचे पैसे वाचले असते. आणि त्याच्याशेजारी 'वर्ग २' दिसलं तर थांबाच, वर्ग १ ची जमीन सहसा मोकळेपणाने विकता येते, वर्ग २ ला सरकारी अट असते आणि सहसा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

मग ते 'अज्ञान'. नावापुढे अ.पा.क. दिसतं ना, ते अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञानाच्या वतीने बघणारा पालक. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नाही, वय कमी असलेला, सज्ञानच्या उलट. तसंच ए.कु.मॅ. बघून बऱ्याच जणांना कोणाची तरी इनिशियल्स वाटतात, ते आहे एकत्र कुटुंब मॅनेजर, मराठीत घुसलेला मॅनेजर तिथे इतका जुना होऊन बसलाय की कोणाला खटकतही नाही. हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नका, कारण एकुमॅ म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, पुढे त्याची मुलं म्हणतात जमीन आमच्या बापाची, आणि धाकट्यांचे वारस कोर्टात.

हिश्श्यांसाठी जुन्या उताऱ्यांवर आणे-पै असतात, १६ आणे म्हणजे अख्खी जमीन, चार आणे म्हणजे पाव. पण 'आणेवारी' ऐकलं की लगेच हिस्सा समजू नका, पीक किती आलं त्याच्या अंदाजालाही आणेवारीच म्हणायचे, आता सरकारी कागदात पैसेवारी म्हणतात, ती ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळाच्या सवलतींची चर्चा सुरू होते. बारा नंबरात 'निर्भेळ पीक' असा रकाना आहे, आनंदाशिवाय निर्भेळ काही असतं हे मला तिथेच कळलं, म्हणजे मिश्र नसलेलं पीक. ही पिकाची नोंद आधी तलाठी करायचा, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो.

क्षेत्र वाचताना ०.४०.०० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. आर म्हणजेच गुंठा असं एजंट बिनदिक्कत सांगतात, पण गुंठा ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि आर १०० चौरस मीटर, साधारण १०७६. शेतात गुंठ्यामागे तेरा चौरस फुटांनी कोणाचं काही बिघडत नाही, पुण्यातल्या बावधनच्या जागेच्या दराने गुणून बघा मग कळेल.

तर मुळशीच्या कामासाठी आधी वडिलांच्या नावाचा आठ-अ काढा, त्यात जेवढे गट दिसतील तेवढे सातबारे, आणि प्रत्येकावर वर्तुळात जे नंबर असतील ते फेरफार. डिजिटल सहीचे उतारे ऑनलाइन मिळतात, हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफारांसाठी तहसीलला हेलपाटा घालायची तयारी ठेवा. वडील हयात नसतील तर वारस नोंद आधी करून घ्या, तोवर वकीलसुद्धा फार पुढे सरकणार नाहीत.