आधी बेतायचं, मग कापायचं

"सगळं एकदम अंगावर येतं, आधी काय करू तेच सुचत नाही," ही तक्रार समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून वर्षभर येते, पण मार्च ते मे या महिन्यांत जास्तच. खान्देशात हा काळच तसा आहे. परीक्षा, पापड-कुरडया, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लग्नसराई आणि पंचेचाळिशीला टेकलेला पारा. त्यात बऱ्याच जणींनी मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकलेलं असतं : डोळे मिटा, हवं ते मिळालंच आहे असं चित्र बघा, बाकी आपोआप होईल. "मी रोज करते, ताई. डोळे उघडले की उलट जास्त धडधडतं. माझ्यातच काही कमी आहे का?" असं एकीने विचारलं. हाच प्रश्न पुष्कळांना पडतो, म्हणून तिची गोष्ट तिला विचारून लिहिते आहे. ओळख लागू नये इतके तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातली, चाळिशीच्या अलीकडची, घरी शिवणकाम करणारी बाई. सासऱ्यांना पक्षाघात होऊन एक बाजू लुळी पडलेली, मुलीची बारावी संपून सीईटी तोंडावर, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचे आणि वैशाखातल्या लग्नांचे ब्लाऊज पिशव्यांत घालून खुंटीवर टांगलेले. या सगळ्यात मनात एक इच्छा : गावातल्या मुलींसाठी शिवणक्लास काढायचा. डोळे मिटले की तिला त्या क्लासची पाटी दिसायची, रिबीन कापणारे सरपंच दिसायचे, टाळ्या ऐकू यायच्या.

धुळ्याला माझ्यासमोर बसल्यावर ती आधी शाळेत बोलतात तसं मराठी बोलत होती. पाचेक मिनिटांनी बांध फुटला. "माले काहीच सुची नही राह्यनं, ताई." माझं माहेर पारोळ्याचं, तेव्हा पुढचं बोलणं अहिराणीतच झालं. माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत त्याचं ऐकलं तर निम्मं काम होतं, असं माझं मत आहे.

तिला मी कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक ब्लाऊजच्या पिशवीला ती मापाची चिठ्ठी टाचते, तशी डोक्यातली एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर. टेबल भरून गेलं. आपलं मन एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतं, असं संशोधक नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. बाकीच्या निसटू नयेत म्हणून मन त्या पुन्हा पुन्हा घोळवत बसतं. अर्धवट कामं जास्त आठवतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांना १९२७ मध्येच त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. दिलासा देणारी गोष्ट नंतर, २०११ मध्ये पुढे आली : ती टोचणी कमी व्हायला काम पुरंच व्हावं लागत नाही. कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरलं तरी मन बरंच सैल होतं.

चिठ्ठ्या लावताना एक गोष्ट दिसली. निम्म्या चिठ्ठ्यांवर काम नव्हतंच. "सासऱ्यांना दुसरा झटका आला तर", "पोरीला नंबर लागला नाही तर", "कापड बिघडलं तर गावात नाव जाईल". मी तिला म्हटलं, बाई, तुमच्यात कल्पनेची कमी कुठे आहे? रात्री दोन वाजता अख्खा सिनेमा तयार होतो की. ती हसली.

भीतीच्या चिठ्ठ्यांतून जेवढं करण्यासारखं होतं तेवढं काढलं : रक्तदाबाची गोळी कोण देणार आणि १०८ ला फोन कोण करणार. उरलेल्यांसाठी रोज संध्याकाळी ठरावीक वेळ, ठरावीक जागा, अर्धा तास. रात्री विचार आला तर "उद्या पाचला" म्हणून चिठ्ठी डब्यात. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत काळजी करणाऱ्यांवर वापरून पाहिली होती. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण काळजी करूच नका असं सांगण्यापेक्षा हा खेळ बरा, कारण तसं सांगून आजवर कुणाची काळजी थांबलेली मी पाहिली नाही.

मग विचारलं, कापडाला कात्री लावायच्या आधी काय करता? तिने टेबलावरचा माझा रुमाल उचलला आणि घडी घालूनच दाखवायला लागली. साडीतला ब्लाऊजपीस ऐंशी सेंटीमीटरचा. आधी काठ कुठल्या बाजूला येतो ते बघायचं, तो बाहीला पुरतो का बघायचं. पाठ इथून, पुढचा भाग इथून. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असेल तर काखेजवळ कापड कमी पडणार, तिथे जोड द्यावा लागेल, तो दिसू नये म्हणून बाही आधी काढायची. हे सगळं कात्रीला हात न लावता. तिची बोटं रुमालावर फिरत होती आणि आवाजातली थरथर गेली होती.

यात ते गिऱ्हाईक ब्लाऊज घालून लग्नात मिरवतंय असं चित्र कुठे आलं? नाहीच आलं. ती बघत होती कात्री कुठून जाणार ते आणि जाताना कापड कुठे कमी पडेल ते. क्लासबद्दल मात्र ती फक्त टाळ्या बघत होती.

कॅलिफोर्नियात लियन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी उत्तम गुण मिळाल्याचं चित्र मनात बघायचं, काहींनी अभ्यासाला बसल्याचं : कुठे, कधी, कसं. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही जास्त मिळवले. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले एटिंगन यांचं कामही तेच सांगतं. नुसतं गोड चित्र बघितलं की शरीर ते काम झाल्यासारखंच निवांत होतं, हुरूप उतरतो. इच्छेच्या शेजारी अडचण मांडली तर तो टिकतो. म्हणजे भाषण ऐकून डोळे मिटणाऱ्या बाईत काही कमी नव्हतं, तिला सांगितलेला उपाय अर्धा होता.

त्या दिवसापासून तिने झोपण्याआधी उद्याचा दिवस असाच बेतायला घेतला. कुठे अडणार? उत्तर लगेच आलं : अकराच्या सुमारास कुणीतरी "ताई, आजच पाहिजे" म्हणत कापड टाकून जातं. मग ठरवलं, तसं कुणी आलं तर कापड हातात न घेता म्हणायचं, "आखाजीनंतर देते." असं 'अमुक झालं तर तमुक करीन' आधीच ठरवून ठेवलेलं ऐनवेळी सुचतं, हे पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलं आहे. माझ्यासमोर सराव केला तर त्या एका वाक्यात तिने तीनदा माफी मागितली. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे जवळपास पापच. पुढे काही गिऱ्हाइकांना तिने सांगितलंही, पण चुलत जाऊ आली तेव्हा कापड घेतलंच. चालायचंच.

एक मात्र स्पष्ट सांगते. सगळा भार डोक्यातला नसतो, खराखुरा असतो, आणि कल्पनेने माणसाला तिसरा हात फुटत नाही. म्हणून नवऱ्यालाही बोलावलं. चिठ्ठ्यांचा ढीग बघून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माले कोनी सांगंच नही." उन्हाळ्यात जिनिंग मंदावतं, दुपारी तो घरीच असतो. सासऱ्यांचा व्यायाम आणि आंघोळ त्याने घेतली.

क्लासचंही चित्र बदललं. पहिल्या दुपारचा पहिला तास बघा, म्हटलं. ती डोळे उघडे ठेवूनच म्हणाली, चार पोरी आल्या, मशीन एकच, एक बसली तर बाकीच्या तिघी काय करतील? पाटी आणि रिबिनीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. उत्तरही तिचंच : आधी हातशिलाई. तुरपाई, हूक, काज.

काहींना मनात चित्र दिसतच नाही. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या प्रकाराला अफँटेशिया असं नाव दिलं. असं चित्र न दिसणाऱ्यांनी पायऱ्या मोठ्याने बोलाव्यात किंवा लिहाव्यात. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर या युक्त्यांत वेळ घालवू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.

तिचा क्लास जूनमध्ये सुरू करायचं ठरलं आहे. सरावासाठी ती घराघरांतून जुनी सुती धोतरं गोळा करते आहे. नवऱ्याने अमळनेरला एक जुनं मशीन बघून ठेवलंय, किमतीवरून घासाघीस अजून चालू आहे.